मनूची खालची दाढ

९ जाने., गुरु.
मनू डाव्या बाजूनं चावत नाही. आज कळलं. भाकरीचा घास उजव्या गालात धरून बसली होती. मोबाईलची बॅटरी लावून तोंड बघितलं. खाली, अगदी मागच्या दाढेजवळ, हिरडीवर पुळी. तुरीच्या दाण्याएवढी, टोकाला पिवळी. दाढेत खड्डा. वास पण येतोय.
हा खड्डा एका दिवसात पडलेला नाही.
दिवसभर ती अक्कांजवळ असते, त्यांना विचारलं. "मला न्हाई दिसलं बाई. पोर तोंड उघडू देती व्हय कुनाला?" हे बोलताना भांड्यांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. नऊ वर्षं एसटीत कंडक्टर आहे मी. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो.

१० जाने., शुक्र.
सुट्टी मागितली, मिळाली नाही. सकाळची फेरी करून दुपारी मनूला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी धड तोंडही उघडायला लावलं नाही. "दुधाचा दात आहे, पडणारच आहे. पाच दिवस सिरप द्या." मागच्या दिवाळीत गाल सुजला होता तेव्हाही हेच सिरप. तेव्हाही हेच वाक्य.
सकाळ-रात्रीचा डोस मी देईन, दुपारचा अक्कांनी द्यायचा. चमचा नको, औषधासोबतच्या झाकणानं मोजा म्हटलं. "व्हय व्हय," म्हणाल्या. व्हय व्हय दोनदा म्हणणारा माणूस ऐकत नसतो.

१२ जाने., रवि.
काल निघताना सिरपच्या बाटलीवर पेनानं रेघ मारली होती. आज घरी होते म्हणून हिशेब लावला. औषध जेवढं उतरायला पाहिजे तेवढं उतरलेलं नाही. काल दुपारचं गेलं कुठे?
अनिलला दाखवलं. तो कारखान्यातून पाळी करून आलेला, डोळे मिटत होते. म्हणाला, "सख्खी आत्या आहे तिची. तू तिच्यावर तिकीट चेकर लावू नको."
सख्खी आहे म्हणून तर काही बोलता येत नाही. अनिलची थोरली बहीण. मनू दहा महिन्यांची असताना मी ड्यूटीवर परत गेले तेव्हा पुणतांब्याचं आपलं घर बंद करून आल्या त्या, माझ्या पोरीसाठी. हे मला सगळे सांगतात. मीही सगळ्यांना सांगते. म्हणून काहीच विचारायचं नाही?

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. पुळी बसली. मनू हसतेय, काळ्या परकरात गिरकी घेतेय. अक्कांनी तिला हलव्याचे दागिने घातले, तिनं त्यातली बांगडी चावून खाल्ली. अक्का हसल्या. मी नाही.
संध्याकाळी मनूनं जवळ येऊन तिळगूळ दिला तेव्हा तिच्या तोंडाला एक वास आला. औषधाचा नाही. ओळखीचा आहे, पण आठवेना.

१५ जाने., बुध.
आठवला. नेवाशाच्या फेरीत एक म्हातारी माझ्या शेजारच्या बाकावर बसून बोटानं दात घासत होती. मशेरी. तव्यावर भाजलेली तंबाखू.
घरी येऊन मनूला मांडीवर घेतलं. "दाताला कुणी काही लावलं का गं?"
"हो."
"आत्यानं?"
"हो."
"काळं?"
"हो. काळं काळं."
चार वर्षांच्या पोरीच्या हिरडीला तंबाखू.
मग मनात काय आलं कोण जाणे, विचारलं, "मम्मीनं पण लावलं?" "हो." "पप्पानं?" "हो." "शेजारच्या मांजरीनं?" "हो!" आणि खो खो हसली.
आता काय धरायचं यातलं?

१७ जाने., शुक्र.
जे करू नये ते केलं. अक्का गिरणीत गेल्या असताना त्यांची पेटी उघडली. दोन लुगडी, रेशनकार्डाची झेरॉक्स, मनूचं जावळाचं पुडकं (मला वाटत होतं ते माझ्याकडे आहे), आणि तळाशी पावडरीचा जुना डबा. उघडून वास घेतला. मशेरी.
त्या दारात उभ्या होत्या. दळणाचा डबा डोक्यावरच.
"माझ्या पेटीत काय हरवलंय तुझं, कविता?"
मी डबा पुढे केला. "हे मनूला लावता?"
"मी लावते. तीस वर्सं झाली. तुला म्हाईत न्हाई?"
"मनूला लावता का, ते विचारते मी."
त्यांनी डोक्यावरचा डबा खाली ठेवला, माझ्या हातातला डबा घेतला, पेटीत ठेवला. पेटीला कुलूप नव्हतं. आज त्यांनी कुठून तरी कुलूप शोधून लावलं.
नाही म्हणाल्या नाहीत. हो पण म्हणाल्या नाहीत.

२० जाने., सोम.
पुळी परत आली. आधीपेक्षा मोठी. या वेळी दातांच्या डॉक्टरकडे. आमच्या श्रीरामपुरात नवीन आलेल्या बाई, लहान मुलांचे दात बघतात. अक्का बरोबर आल्या. मी बोलावलं नव्हतं. मनूनं त्यांचा पदर सोडला नाही म्हणून आल्या.
डॉक्टर बाईंनी मनूला खुर्चीत झोपवून आरसा हातात दिला, फोटो काढला, दाढ दाखवली. मुळाशी काळा डाग, त्याच्याखाली इवलासा पांढरा आकार. तो पक्का दात, अजून हाडात झोपलेला. म्हणाल्या, दाढेची नस मेली आहे, पू मुळाशी साठलाय. सिरपनं पू दबतो, जात नाही. जोवर दाढ साफ होत नाही किंवा निघत नाही तोवर परत परत येणार. "दुधाचा दात पडणार हे खरं. पण ही दाढ पडायला अजून सहा-सात वर्षं आहेत. तोवर पू वाट बघत बसत नाही."
मग विचारलं, "झोपताना बाटलीनं दूध द्यायचात का? साखर घालून?"
मी म्हटलं, "नाही."
अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते.
शुक्रवारी बोलावलंय.

२१ जाने., मंगळ.
काल लिहिताना एक ओळ राहिली. मुद्दाम राहिली.
बाटली देत होते. ड्यूटीवर गेल्यापासून. दिवसभर पोर दिसायची नाही. घरी आल्यावर ती माझ्याकडे यावी, माझ्याजवळ झोपावी म्हणून दूध, दोन चमचे साखर. बाटली तोंडात तशीच राहायची, ती झोपायची, मी पण झोपायचे. सव्वातीन वर्षांची होईपर्यंत.
पण म्हणून मशेरी खोटी होत नाही.

२२ जाने., बुध.
डेपोत सगळ्यांनी मत दिलं. एकीनं सांगितलं, तिच्या भाच्याचा दात काढला तर शेजारचे दोन हलायला लागले. ड्रायव्हर मामा म्हणाले, आमच्या वेळी दाताचे डॉक्टरच नव्हते, तरी ऊस सोलून खाल्ला. अनिलच्या कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की नवीन दवाखाना टाकला की आधी लहान पोरंच शोधतात, आयांना घाबरवणं सोपं असतं.
मलाही वाटतं. त्या फोटोतला काळा डाग खरंच पू होता, की सगळ्यांना तोच फोटो दाखवतात?

२४ जाने., शुक्र.
गेलो नाही. पुळी फुटून पू आपोआप गेला, मनू खेळतेय, ताप नाही. बाईंच्या दवाखान्यातून फोन आला, "ड्यूटी आहे" सांगितलं. ड्यूटी होतीच.
अक्का दोनदा म्हणाल्या, "घिऊन जा कविता तिला. मी नेऊ का? मी नेते." त्या इतक्या का मागे लागल्यात? स्वतःच्या हातून काही झालं असेल तरच माणूस असं मागे लागतं.

२७ जाने., सोम.
नगरच्या दवाखान्यात बसून या वहीत लिहितेय, पिशवीत होती म्हणून.
नेवाशाच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा फोन काढला. ड्यूटीवर आवाज बंद असतो. अक्कांचे अकरा मिस्ड कॉल. अक्कांना फोन लावता येतो हेच मला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीकडून शिकल्या म्हणे, माझाच नंबर तेवढा.
लावला. "कविता, पोरीचा गळा सुजलाय. थुंकी गिळीना झाली. मी तिला त्या दाताच्या बाईकडं आनलंय. बाई म्हनत्यात नगरला चला आत्ताच्या आत्ता. मी चाललीय गाडीतनं. तू थेट तिकडंच ये."
पहिला विचार काय आला ते लिहून ठेवते, नंतर मीच नाकबूल करीन: हिनं केलं काय माझ्या पोरीला?
दुसरी कंडक्टर मिळेपर्यंत वाट बघितली. त्या वेळात काय केलं आठवत नाही. नगरला पोचले तेव्हा मनूच्या हाताला सलाईन. जबड्याखाली लिंबाएवढी सूज, तोंड बोटभरही उघडेना, लाळ गळतेय. मला बघून रडली पण आवाज निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलीत. सूज अशी गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळता येईना, तर घरी थांबायचंच नसतं. श्वासावर जातं."
वेळेवर आणलीत, हे ते मला म्हणाले. आणलं होतं अक्कांनी. अनवाणी आल्यात. चप्पल रिक्षात राहिली की घरीच, त्यांना आठवत नाही.

२८ जाने., मंगळ.
ताप उतरतोय, सूज उतरत नाही. उद्या भूल देऊन पू काढणार आणि दाढ पण.
सकाळी दोन डॉक्टर सगळी माहिती लिहून घेत होते. घरी काय काय केलं, दाताला काही लावलं का. मी काही बोलायच्या आत अक्का पुढे झाल्या.
"मी लावली. मशेरी. दोन बारीला. पोर लई रडत हुती, आई ड्यूटीवर. माझ्या आईनं मला लावली हुती तशी लावली. आन् औषध पन दुपारचं अर्धंच जायचं. ती वकायची, मी परत द्यायला भ्यायची. आता काय लिवायचं ते लिवा."
वॉर्डातल्या सगळ्या बायका बघत होत्या. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, तंबाखू लहान मुलांना कधीच लावू नका, पण ही दाढ त्यानं किडलेली नाही. ही कीड फार जुनी आहे. मग तोच प्रश्न. रात्रीची बाटली?
अक्का म्हणाल्या, "त्ये आईला इचारा." आणि पाणी भरायची बाटली घेऊन बाहेर गेल्या.
त्या गेल्यावर मी सांगितलं. सगळं. हळू आवाजात.
त्या असताना का नाही सांगितलं? त्या बाहेर जाईपर्यंत मी थांबले हे त्यांना कळलं असणार. की त्यासाठीच गेल्या?

२९ जाने., बुध.
पाऊण तास. बाहेरच्या बाकावर मी, अनिल, मध्ये अक्का. दाढ निघाली. डबीत घालून दिली मला. केवढीशी, मुळं झिजलेली, एका बाजूनं पोकळ.
डॉक्टर म्हणाले, पू गेला, पोर सुटली. खालचा पक्का दात मात्र पुवात होता. तो नीट येईल, डागाळलेला येईल, की वाकडा, आज सांगता येत नाही. दहा-अकरा वर्षांची होईल तेव्हा दिसेल.
सहा वर्षं वाट बघायची.

१ फेब्रु., शनि.
घरी. मनू गार पेज पितेय आणि जीभ त्या खड्ड्यात घालून बघतेय. "इथं कोणीच नाही," म्हणते.
अक्का उद्या पुणतांब्याला जाते म्हणाल्या. थोडे दिवस. अनिलनं विचारलं, थोडे म्हणजे किती? "घराला वाळवी लागली आसंल. बघून येते."
वाळवीचं त्यांना आत्ताच का सुचावं?

२ फेब्रु., रवि.
गेल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी यायची होती, त्यांनी पिशवीची गाठ दोनदा बांधली. मग म्हणाल्या,
"बाटली रोज सकाळी मीच धुवायची, कविता. खाली साखर बसलेली असायची. अडीच वर्सं धुतली."
मी म्हटलं, "मग बोलला का नाही कधी?"
"तुज्याकडं तेवढंच हुतं पोरीचं. दिवसभर ती माझी. रातची तुझी. त्ये कसं काढून घ्यायचं?"
गाडी आली. पुढच्या दारानं चढल्या. बसायला जागा मिळाली का ते गर्दीत दिसलं नाही.
एवढी वर्षं माहीत होतं. दातांच्या बाईंसमोर मी नाही म्हटलं तेव्हाही माहीत होतं. आणि पेटीवरून मी एवढं केलं तेव्हाही. गप्प. एवढं गप्प माणूस मायेनं राहतं की… नाही. हे वाक्य पुरं करायचं नाही.

७ फेब्रु., शुक्र.
मनू शेजारच्या वहिनींकडे. त्या चांगल्या आहेत. पण काल मनूच्या हातात क्रीमची बिस्किटं होती आणि वहिनी म्हणाल्या, एकच दिलं. पुडा निम्मा होता. मी काही बोलले नाही. बोलायची सवय मोडतेय की बघायची, कळत नाही.

९ फेब्रु., रवि.
दातांच्या डॉक्टर बाईंकडे मनूला घेऊन गेले. वरच्या दोन दातांत भरलं, निघालेल्या दाढेच्या जागी तारेची कडी बसवायचं माप घेतलं, म्हणजे शेजारचे दात त्या जागेत सरकणार नाहीत. घरी रोज दोन वेळा मोठ्या माणसानं ब्रश करून द्यायचा. पेस्ट तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही.
निघताना म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी खोटं बोलले. बाटली देत होते."
"माहीत आहे," म्हणाल्या. "वरचे पुढचे चारही दात कडेनं तपकिरी आहेत. बाटलीची मुलं ओळखू येतात. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा वाटलं, सासरच्या कुणासमोर बोलता येत नसेल."
मी माणसांचे चेहरे वाचते म्हणून डेपोत माझं नाव आहे. माझ्या पोरीचे दात कुणीही वाचत होतं.

१० फेब्रु., सोम.
अनिलला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. म्हणाला, "त्यात काय, सगळेच देतात." मग ताट अर्ध्यावर ठेवून उठला. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "हे अक्काला सांगितलंस का? की दोष तुझा पण होता?"
"त्यांना माहीत आहे."
"माहीत असणं वेगळं. तू सांगितलंस का?"

१६ फेब्रु., रवि.
फोन केला. अक्कांनी उचलला, पण बोलायला घाईच. कांदा काढायला चालल्या होत्या कुणाच्या तरी रानात. मनू अर्धा वेळ फोनवर होती, त्यांना तोंड उघडून दात दाखवत होती, फोनमधून दिसत नसतं हे तिला पटत नाही. मग मी घेतला. "अक्का, माझं चुकलं. पेटीचं पण आणि दुसरं पण."
"बरं," म्हणाल्या. "तिला लई गोड दिऊ नका." फोन ठेवला.
बरं म्हणजे काय? माफ केलं की ऐकून घेतलं?

२३ फेब्रु., रवि.
कडी बसली. मनू आरशात बघून खूश. हिरडी गुलाबी, दाबून बघितली, पू नाही. मी रोज दाबून बघते. अनिल म्हणतो, दाबून दाबूनच आणशील. तरी बघते. आज उजवीकडच्या दाढेवर एक काळी रेघ दिसली. बाईंना फोटो पाठवला. "डाग आहे, कीड नाही, पुढच्या महिन्यात बघू," असं उत्तर आलं. डाग आणि कीड यांत फरक त्यांना फोटोतून कसा कळला? जाऊन दाखवूनच येईन.

५ मार्च, बुध.
आज पुणतांब्याची फेरी माझ्याकडे आली. मागून घेतली नव्हती. (मागून घेतली होती. साहेबांना सोमवारीच सांगितलं.)
गावच्या फाट्यावर पाच-सहा जण उभे. त्यांत अक्का. मला बघून दचकल्या नाहीत. मी या गाडीला येते हे त्यांना कुणी सांगितलं? अनिलनं? की त्या रोजच या वेळी फाट्यावर उभ्या असतात?
चढल्या. मागच्या बाकावर बसल्या. मी पुढून तिकिटं काढत काढत त्यांच्यापर्यंत पोचले. डबल बेल मारायचं विसरले, ड्रायव्हर मामा ओरडले.
"कुठलं देऊ, अक्का?"
त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "श्रीरामपूरचं दे. पुढचं पुढं बघू."
मशीनमधून तिकीट निघालं. त्यांनी ते दुमडून कनवटीला खोवलं. मांडीवर पिशवी होती, कापडी. एका दिवसाच्या कपड्यांची की जास्तीची, वरून कळत नव्हतं. हात लावून बघावंसं वाटलं.
नाही लावला. पुढच्या बाकाकडे गेले.